केळीशी लागलेलं लग्न

मी खगोलशास्त्रात संशोधन करतो, याचं मेहरूणच्या आमच्या गल्लीत शेजारच्या नानांइतकं कौतुक कुणालाच नाही. रस्त्यात अडवून ते विचारतात, "मंगळावर पूर्वी पाणी होतं, बरोबर ना? आपलं यान तिथं गेलं, बरोबर ना?"

त्यांच्या मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघाला आणि दोन स्थळं परत गेली. तिसरं धुळ्याचं. नानांनी मला बैठकीत नेऊन बसवलं. "यासले सांग, मंगळ काय शे ते."

मी सांगितलं, तो दगडधुळीचा थंडगार गोळा आहे, कुणाच्या संसाराशी त्याचं देणंघेणं नाही. नाना प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. मुलाचे वडील शांतपणे म्हणाले, "तुमचं खरं असेल, भाऊ. पण आम्हाला एकच मुलगा आहे."

मग फैजपूरजवळच्या एका बागेत मुलीचं आधी केळीशी लग्न लावलं. पहिल्या नवऱ्याचं मरण केळीवर जावं, म्हणून लग्नानंतर ती तोडायची होती. बागवान कोयता घेऊन पुढे आला, तेव्हा नानांनी तो मागून घेतला. "मनी पोर शे. मीच तोडस."

एका घावात केळ आडवी झाली. मी नानांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो हळूच बाजूला केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही घरी जा आता."

तिकडे बायका मुलीचं कुंकू पुसत होत्या. ती त्यांना विचारत होती, "आता मी रडायचं असतं का?"