धूर धरून ठरलेली गोळी

डॉक्टरांच्या केबिनमध्ये पेशंटच्या बाजूला दोन खुर्च्या आहेत आणि गेली अकरा वर्षं त्यातली एक माझ्या सासूची आहे. मला बायपोलर आहे. नवरा जासईला कंटेनर यार्डात शिफ्टमध्ये, त्याला कधी सुट्टी मिळणार आणि कधी नाही याचा भरवसा नाही. त्यामुळे माझ्यासोबत आई येतात. सासूला मी आईच म्हणते. डॉक्टर मला विचारतात आणि उत्तर आई देतात. झोप लागते का? "लागते, मी बगते ना." भूक? "दोन भाकऱ्या खाते." काही व्यसन? इथे आई हसायच्या. "बायकान्ला कसला व्यसन, डॉक्टर?" हे म्हणताना त्यांच्या स्वतःच्या ओठाखाली सकाळची मशेरी असायची. तव्यावर तंबाखू जाळून रोज दात घासायचे, ते त्यांच्या हिशेबी व्यसनात बसत नाही. ते दात घासणं.

मी शेजारी मूग गिळून बसायचे. मी दिवसाला आठ सिगारेटी ओढत होते.

खोटं बोलायचं असं मी कधी ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा मला त्या केबिनमध्ये नेलं तेव्हा मी बोलण्याच्या अवस्थेतच नव्हते. तीन दिवस झोपले नव्हते, आणि कोपरखैरण्याच्या गावठाणातल्या आमच्या घरातली सगळी भांडी गच्चीवर मांडून, या या, घेऊन जा, म्हणून अख्ख्या आळीला वाटून टाकली होती. तेव्हा उत्तरं आईंनीच दिली. मला बोलता यायला लागलं तोवर "व्यसन नाही" हे कागदावर चढलेलं होतं. पुढच्या खेपेला दुरुस्त करू, म्हटलं. अकरा वर्षांत ती पुढची खेप आली नाही.

आणि सांगायचं तरी कसं? मी नगरकडची, लग्न आमचं आमचं ठरवलेलं. आधीच बाहेरची, त्यात वेडी निघाली. चुलत सासरे म्हणाले होते, तिला माहेरी पोचवून या. आईंनी त्यांना काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही, पण ते काका पुढची दोन वर्षं आमच्या दारात आले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आई घरोघर जाऊन आपली एकेक कढई, एकेक तांब्या परत मागून आणत होत्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. माझी सून बरी होईल, एवढंच सगळीकडे सांगत फिरल्या. अशा बाईला सांगायचं की तुमची सून रोज टपरीमागे उभी राहून सिगारेट ओढते? माझं धाडस झालं नाही, बस.

लपवायला सोपं होतं. आमचा प्रेस तुर्भ्याला. औषधांची खोकी आणि खोक्यात घडी करून टाकतात ती बारीक अक्षरांची पत्रकं आम्ही छापतो. शाई आणि थिनरचा वास कपड्यांना असतोच, त्यात धूर खपून जायचा. दुपारी ट्रकांच्या रांगेमागच्या टपरीवर जायचं. तिथले ड्रायव्हर लोक आपापल्या टेन्शनमध्ये, बाई ओढते म्हणून कोणी वळूनही बघत नाही. मग बडीशेप खायची आणि हात धुवायचे. गोळ्यांनी माझं डोकं जड असायचं, ते सिगारेटने दहा मिनिटं उघडायचं. ती दहा मिनिटं मला फार प्रिय होती, हे कबूल केलं पाहिजे.

प्रेसमध्ये मी चेकर आहे. मंजूर झालेला नमुना डावीकडे ठेवायचा, छापलेला कागद उजवीकडे, आणि वाचायचं शेवटून. शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे, एकेक शब्द पट्टीखाली धरून. सरळ वाचलं की डोळा अर्थामागे पळतो आणि चूक निसटते. मला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कळायला लागलं की थांब, पाणी पी आणि परत शेवटून सुरू कर. लोकांना वाटतं, एवढी औषधांची माहिती वाचते, ही अर्धी डॉक्टर झाली असेल. कप्पाळ! अठरा वर्षांत मला त्यातलं काही म्हणजे काही कळलेलं नाही, आणि तीच माझी हुशारी म्हणून मला पगार मिळतो.

सिगारेट सोडायचं कारण म्हणजे खोकला. सकाळी पंधरा-पंधरा मिनिटं थांबायचा नाही. आई शाईला शिव्या घालायच्या, अडुळशाचा काढा करून द्यायच्या आणि मी संपेपर्यंत समोर बसायच्या. तो काढा पिताना मला माझी इतकी लाज वाटायची की एक दिवस ठरवलं, पुरे. नुसती सोडून बघितली, दोन दिवसांत घरात आणि प्रेसमध्ये मिळून चार जणांशी भांडले. आमच्या डिझाइनला एक बाई आहे, तिने तिची व्हेप, म्हणजे वाफेची इलेक्ट्रॉनिक सिगारेट दिली. इथे तिला बंदी आहे, तरी हातोहात मिळते, कुठून ते मी विचारलं नाही. गुलाबी, हायलायटरएवढी. माझ्या पेनांच्या पाऊचमध्ये चार हायलायटर असतातच, पाचवा कोणाच्या डोळ्यावर येणार? टरबुजाचा वास यायचा. कोणता साबण आणलास गं, मना पन आन, असं आई दोनदा म्हणाल्या.

तीन आठवड्यांत सिगारेट सुटली. खोकला गेला. मी स्वतःवर खूश होते, आणि नेमकी तेव्हाच झोप सुरू झाली.

साधी झोप नव्हती ती. सकाळी आई तीन हाका मारायच्या तरी पापणी उचलायची नाही. भाकरी हातात धरून मी बसून राहायचे. बोलताना वाक्य अर्ध्यात संपायचं. प्रेसमध्ये पट्टी एकाच शब्दावर ठेवून दहा मिनिटं जायची. एका खोक्यावरची चूक माझ्या सहीने पुढे गेली, मशीनवाल्याच्या लक्षात आली म्हणून वाचलो. साहेब चांगला माणूस, ओरडला नाही. महिनाभर आराम करा, मॅडम, तोवर दुसरं कोणीतरी बघतो, म्हणाला. त्याचा अर्थ न कळण्याइतकी मी झोपेत नव्हते. एकदा दुसरं कोणी बसलं की माझं टेबल गेलं.

घरी सगळ्यांना एकच वाटलं की आजार परत आला, या वेळी दुसऱ्या टोकाचा, उदासीचा. मलाही तेच वाटलं. आईंनी माझे केस धुऊन दिले. त्र्याहत्तर वर्षांची बाई खाली बसून माझ्या पायात चपला सरकवत होती. मी ऐकत नाहीये असं समजून त्या मुलाला फोनवर सांगत होत्या, "पोरगी पुना हातची चालली रं." मला ते ऐकू आलं आणि मान वळवायचंही बळ नव्हतं.

आरामावर जायच्या आदल्या दिवशी माझ्यापुढे एक पत्रक आलं. माझ्याच रात्रीच्या गोळीचं. पूर्वी दहा-बारा वेळा तपासलेलं, अर्थातच शेवटून. त्या दिवशी शेवटून वाचणं मला जमेना. शब्द हातातून सुटत होते. कंटाळून मी ते वर्तमानपत्रासारखं वरून खाली वाचायला लागले. आणि मधल्या एका परिच्छेदात लिहिलं होतं की सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरातून हे औषध लवकर निघून जातं, आणि ओढणं बंद केलं तर रक्तातलं प्रमाण वाढून गुंगी येऊ शकते, डॉक्टरांना कळवावं.

मी ते तीनदा वाचलं. म्हणजे माझी गोळी अकरा वर्षं धूर धरून ठरलेली होती. डॉक्टर बिचारे गोळी वाढवत वाढवत जिथे आले होते तिथे रोजच्या आठ सिगारेटी त्यांना न सांगता बसलेल्या होत्या. त्या मी काढून घेतल्या आणि तीच गोळी मला डोईजड झाली. व्हेपमध्ये तो धूर नाही. आजार परत आलेला नव्हता.

आता कोणालाही वाटेल, बाई तिथून उठली आणि धावत डॉक्टरांकडे गेली. छे. दहा दिवस मी घरी पडून राहिले आणि कोणाला काही बोलले नाही. डोक्यात पळवाटा चालू. परत दोन सिगारेटी ओढल्या तर जाग येईल. नाहीतर गोळी मीच अर्धी करू, कोणाला कळणार आहे? पण गोळ्यांशी स्वतःच्या मनाने खेळल्यावर काय होतं ते मला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी मी तसं केलं होतं आणि पाच आठवडे हॉस्पिटलमध्ये होते. त्या पाच आठवड्यांत आई रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. हे सगळं समोर दिसत असूनही मी दहा दिवस गप्प बसले, कारण मला आईंसमोर खोटी पडायचं नव्हतं. आणि त्या दहाही दिवस त्या माझे केस विंचरत होत्या.

अकराव्या दिवशी आम्ही दोघी केबिनमध्ये बसलो. डॉक्टरांनी मला बघितलं, आईंचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, उदासी दिसते आहे, आणखी एक गोळी सुरू करू, आठवड्यात फरक नाही पडला तर ॲडमिट करून बघू. आई लगेच म्हणाल्या, करा, पोरगी बरी व्हायला पायजे. मग डॉक्टर नवं पान भरायला लागले. झोप, भूक, व्यसन. या वेळी आई हसल्या नाहीत. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "काय पन नाय हो. देवागत हाय माझी सून."

तो हात पाठीवर असताना मी म्हणाले, "मी सिगारेट ओढत होते. अठरा वर्षं, दिवसाला आठ. दोन महिने झाले, सोडली. आता व्हेप ओढते. आईंना यातलं काही माहीत नाही."

हात निघाला. डॉक्टर पेन ठेवून माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत, पण चेहऱ्यावरून कळलं की अकरा वर्षांची फाइल ते मनात नव्याने वाचत होते. मग त्यांनी तेच समजावलं जे मी पत्रकात वाचलं होतं. नवी गोळी नको, रक्त तपासू, आहे तीच हळूहळू कमी करू. तुम्ही स्वतः अर्धी-बिर्धी केली नाहीत हे नशीब, म्हणाले. व्हेपही सोडायची, पण घाई नको, आणि मधेच परत सिगारेट पेटवली तर त्याच दिवशी फोन करायचा. मी मान हलवत होते. शेजारची खुर्ची रिकामी होती. आई कधी उठून बाहेर गेल्या ते मला कळलंच नाही.

त्या बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या होत्या. मला वाटलं, सिगारेटवरून बोलतील, बाईच्या जातीला शोभतं का, वगैरे. त्याला मी तयार होते. मी शेजारी बसले आणि म्हणाले, आई, चुकले.

"तुला कवा कल्ला ह्या, गोलीचा?" त्यांनी विचारलं.

दहा दिवस झाले, मी म्हणाले.

 त्या समोर भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मी अकरा वर्सं तुझा तोंड बगून वलकते, बरी हाय का नाय. तू बोलतेस ता खरा धरून वलकते. आता तू मना बरी हाय बोल्लीस, तरी मी कसा मानू?"

मी रडले. तिथेच, चार पेशंटांच्या समोर. मला आधी कळलंच नव्हतं की माझ्या औषधात ही बाईसुद्धा धरलेली आहे. माझा आजार मला कळायच्या आत त्यांना कळतो, आणि ते माझ्या शब्दावर चालतं. तो शब्दच मी नासवला होता. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. रिक्षा थांबवली, मला आधी बसवलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला बसल्या.

गोळी उतरत गेली तशी जाग येत गेली. पाचव्या आठवड्यात मी प्रेसवर गेले, टेबल अजून माझंच होतं. आई डॉक्टरांकडे येतात, खुर्चीत बसतात, पण आता उत्तरं देत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं की माझ्याकडे बघतात. मी सांगते, चांगली आहे, झोप लागते. त्या माझा चेहरा निरखत राहतात, आणि त्यांना पटलेलं नाही हे मला दिसतं. घरीही तसंच. सकाळी विचारतात, कशी हाय? मी म्हणते, बरी. त्या माझे डोळे बघतात, कपाळाला हात लावतात आणि चुलीकडे वळतात. सात महिने हे असं चाललं. मला राग यायचा, पण कोणत्या तोंडाने रागावणार?

गेल्या आठवड्यात व्हेप पूर्ण बंद करून मला चौथा दिवस होता. सकाळपासून डोकं फिरलेलं. दोन कप आपटले, नवऱ्यावर उगाच खेकसले, तो बिचारा न जेवता ड्युटीवर गेला. आई मासे साफ करत होत्या. तिथूनच विचारलं, कशी हाय? सवयीने बरी म्हणणार होते, पण तोंडातून निघालं, "बरी नाही, आई. ओढावीशी वाटतेय. आत्ता, या मिनिटाला. टपरीवर जायला चपला घातल्या होत्या."

त्यांनी कोयती बाजूला ठेवली. माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. या वेळी कपाळाला हात लावला नाही.

"खरा बोल्लीस," त्या म्हणाल्या, आणि बसायला माझ्यासाठी पाट सरकवला.