शॉकअप मागं बसणारीचे

डॉक्टर म्हणाले होते, "मावशी, कमरेला धक्के बंद." एवढंच म्हणाले होते. पण परभणीहून घरी येईपर्यंत माझ्या माणसांनी त्याचं पार दुसरंच करून टाकलं. गाडी बंद, बाजार बंद, आता आईनं घरी बसायचं. लेकानं तर फोन करून चार पाहुण्यांना कळवलंसुद्धा. मी तिथंच बसलेली, पण मला विचारतंय कोण! कंबर माझी, आणि तिचा कारभार बघणारे भलतेच.

मी मसाला विकते. काळा मसाला आणि आमटीला लावायचं येसर, घरी भाजून केलेलं. ताडकळसच्या आठवडी बाजारात लिंबाच्या झाडाखाली माझी जागा आहे, लय वर्षांची. बाजारात जागेचा कागद नसतो. जो बसतो त्याची जागा. तुमचे चार बाजार बुडले की दुसरी कुणीतरी तिथं पोतं अंथरते, आणि मग भांडत बसा. माझे बाजार बुडायला लागले होते. घरात सगळ्यांना माझ्या कमरेची काळजी होती, मला त्या लिंबाखालच्या जागेची होती. आठवड्यातला तेवढाच एक दिवस माझा असतो. तो गेला तर मी नुसती घरातली म्हातारी.

आमच्या गावातून ताडकळसला जायचं ते नवऱ्याच्या मोटारसायकलवर, मागं. एसटी फाट्यावरूनच निघून जाते, आणि टमटममध्ये बसायचं तर हाडं लोखंडाची पाहिजेत. रस्ता आहे, म्हणजे आहे असं म्हणायचं. खालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर काय टिकणार! त्यात ह्यांच्या गाडीचे मागचे शॉकअप म्हातारे झालेले, तेल गळून गेलेलं. एक खड्डा आला की गाडी पुढं बराच वेळ उड्या मारायची. पुढं बसणाऱ्याला धरायला हँडल असतं, खड्डा डोळ्यांनी दिसतो. मागं एका अंगानं बसलेल्या बाईला नवऱ्याची पाठ दिसते आणि बाजूचं शेत. खड्डा तिला थेट कमरेतच कळतो.

म्हणून मी म्हणलं, "डॉक्टर धक्के बंद म्हणलेत, गाडी बंद म्हणले न्हाईत. शॉकअप बदला."

माणूस वाईट नाही माझा. दुसऱ्याच दिवशी एकटेच ताडकळसला गेले आणि नवे शॉकअप टाकून आले. अंगणात गाडी उभी केली, सीटवर दोन्ही हातांनी जोर दिला आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "बघ, जरा तरी दबतंय का? डबल स्प्रिंग हाय. दोन पोती टाकली तरी हालत न्हाई."

आमच्याकडं शॉकअप घ्यायची हीच रीत. गडी दुकानात जातो, सीट दाबून बघतो, दबली नाही की खूश. गाडीवर खताची पोती न्यायची असतात, सरकी न्यायची असते, दुधाचे कॅन न्यायचे असतात. बायको ह्या पोत्याच्या आणि त्या पोत्याच्या मधल्या वेळात बसते. तिच्यासाठी कुणी सीट दाबून बघत नाही.

बसले. वेशीपर्यंत गेलो. आगीतून फुफाट्यात! उखळात मिरच्या कुटाव्यात तशी माझी कंबर कुटायला लागली गाडी. मी ओरडून थांबवली.

"चांगले हायेत की," हे म्हणाले. "मला तर काईच लागंना."

"तुमाला कसं लागंल? तुमी पुढं बसताव. ज्याचं जळतं त्याला कळतं."

बाजार परवावर आला होता. मी म्हणलं, उद्या मीच येते दुकानात. हे म्हणाले, "गाडीच्या दुकानात तू काय करणार?" सकाळी वाकळीची घडी करून सीटवर टाकली, बाजाराला नेते तशी मसाल्याची थैली घेतली आणि दात-ओठ खात जाऊन बसले. वाटेत देवाचं नाव एकदा आणि रस्ता करणाऱ्याला शिव्या दोन, असं करत गेले सगळा रस्ता.

मिस्त्री तसा भला माणूस. स्टूल पुसून दिलं. "मावशी, तुमी बसा, च्या घ्या. काकांना बघू द्या."

"मागं बसणारी मी हाय. मीच बघणार."

दुकानात आणखी दोघं-तिघं गडी होते. त्यातला एक हसून म्हणाला, "मावशी, हे काय साडी निवडायचं दुकान हाय व्हय?"

"साडीच्या दुकानात तुमी गडी बाहेर पायरीवर बसताव न्हवं? तसं आज बसा की बाहेर."

मिस्त्रीनं काय करावं? त्यानंही पुढं होऊन सीटच दाबली. "मावशी, एक नंबर माल हाय हा. दबतच न्हाई बघा."

माझं डोकं फिरलं. "मग तूच बस मागं," म्हणलं मी. तो टांग टाकून बसला. "असं न्हाई. एका अंगानं, मी बसते तसं. आन् ही थैली मांडीवर घे. एका हातानं थैली, एका हातानं सीट धर."

"मावशी, लोक बघायलेत!"

"बघू दे. मी इतकी वर्षं बसले, तवा कुणी बघितलं?" मग ह्यांना सांगितलं, "त्या पुढच्या नाल्यावरच्या मोरीपर्यंत न्या ह्याला. खड्डा चुकवायचा न्हाई."

गेले दोघं. मिस्त्री पाय जुळवून, थैली कवटाळून बसलेला. समोरच्या चहावाल्यानं टाळ्या वाजवल्या. येताना मात्र त्याचा चेहरा उतरला होता. एक हात कमरेवर ठेवूनच खाली उतरला.

"लागतंय जरा," तो म्हणाला.

"जरा?"

"लय लागतंय, मावशी."

मग माळ्यावरून धूळ खात पडलेली खोकी खाली आली. हे मऊ, कुणी नेत नाही, असं म्हणत त्यानं पहिली जोडी चढवली. आम्ही दोघं मोरीपर्यंत जाऊन आलो. ती नुसतीच झुलायची, खड्डा मागं पडला तरी थांबायची नाही. "काढ," म्हणलं. तो कुरकुरला, हे आभाळाकडं बघायला लागले. मी सांगितलं, "खड्ड्यात खाली जाऊ दे, पण वर येताना सावकाश यावं. मला फेकू नये." दुसरी जोडी चढली. खाली स्प्रिंग आवळायच्या खाचा असतात. मिस्त्रीचा हात सवयीनं शेवटच्या, सगळ्यात कडक खाचेकडं गेला. मी म्हणलं, पहिल्या खाचेवर ठेव.

"मावशी, पोतं टाकलं की गाडी बसंल."

"पोत्याला कंबर नसती."

आता हे मधे पडले. "अगं, मग खत कशानं आणायचं?"

तेव्हा मला रडूच आलं, रागानं. भर दुकानात, गड्यांसमोर. ह्या गाडीवर पोत्याचा विचार झाला, कॅनचा झाला, माझा कधी झालाच नाही. मी म्हणलं, "खत टमटमनं आणा. ते काई डॉक्टरकडं जात न्हाई. मला जर घरी बसायचं असंल तर मी माझ्या मर्जीनं बसंन, तुमच्या स्प्रिंगनं न्हाई." पदरानं डोळे पुसले आणि तिथंच उभी राहिले. कुणी हसलं नाही.

ह्यांनी खाली वाकून पहिल्या खाचेवर बोट ठेवलं. मग मिस्त्रीला म्हणाले, "ती म्हणती तसं लाव."

परत मोरीपर्यंत गेलो. खड्डा आला, गाडी खाली गेली, सावकाश वर आली. दुखलं नाही असं नाही. पण दुखणं वेगळं आणि मोडणं वेगळं, एवढं माझ्या कमरेला कळतं. मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जमलं का?" त्यांनी मागं न बघता विचारलं. "जमलं," म्हणलं मी. त्या दिवशी घरी जाताना ते पहिल्यांदा खड्डे चुकवत होते.

बाजाराच्या दिवशी गेलो. लिंबाखाली माझ्या जागेवर एक भाजीवाली पोतं अंथरून बसलेली, वांग्यांचे ढीग लावत होती. मला बघून तिनं तोंडाला पदर लावला.

"अगं बाई, मावशी! तुमची तर कंबर गेली म्हणायलेत समदे. आता येत न्हाईत म्हणं तुमी."

मी थैल्या खाली ठेवल्या.

"कंबर जागेवर हाय. गेले होते ते शॉकअप. उचल तुझं पोतं."