पाठीवरची चेन

माझ्या जॅकेटची चेन लावणारा माणूस जाऊन आज वर्ष झालं.

हसू नका. आमच्याकडे पहाटे गाडीवर भाजी नेणारे लोक थंडीत जॅकेट उलटं घालतात. चेन पाठीवर.

चेन समोर असली की वारं तिच्या फटीतून थेट छातीत शिरतं. उलटं घातलं की छातीवर सलग कापड येतं. पण मग चेनेपर्यंत आपला हात पोचत नाही. दुसरा माणूस लागतोच.

माझा दुसरा माणूस दिगांबर होता.

गाव आमचं केळझरजवळ. त्याचं शेत माझ्या शेताला लागून. तो सांबार लावायचा (म्हणजे कोथिंबीर, पुण्यातल्या मित्रांनी उगाच इडली शोधू नये). मी मेथी आणि पालक.

पहाटे पाचला त्याच्या गल्लीच्या तोंडाशी भेटायचं. एकमेकांच्या चेना लावायच्या. मग पाठीवर दोन थापा.

दोन थापा म्हणजे झालं, निघ.

तिथून वर्ध्याच्या बाजारापर्यंत आपापल्या गाडीवर. बोलायचं कामच नाही, तोंड उघडलं की दात वाजायचे. हँडलवरची बोटं कोणाची आहेत तेही कळायचं नाही.

गल्लीसमोर एक पळस आहे. चेन लावता लावता मी रोज विचारायचो, "काय म्हणते पळस?"

"काहीच म्हणत नाई बे अजून. गुमान उभा राह्य."

पळसाला पहिलं फूल दिसलं की जॅकेट धुवायला टाकायचं. त्याच्या आधी नाही. हा दिगांबरचा कायदा. फेब्रुवारी लागला की तो टॉर्च मारून कळ्या बघायचा, आणि मी त्याच्यावर हसायचो.

एकच दुर्गुण होता साहेबांमध्ये. उशीर.

जुड्या बांधून झाल्या तरी सोडून पुन्हा बांधायचा.

"काऊन बे, सांबार लग्नाले नेऊन राह्यला का?"

"अरे, बाईनं जुडी हातात घेतली की खुश झाली पायजे ना!"

मागच्या जानेवारीत असाच उशीर केला त्यानं. आम्ही पोचलो तोवर लिलाव आटोपला होता. माझी सगळी मेथी उरली. सिंदी मेघेत दारोदार फिरून विकली. लय डोकं फिरलं होतं माझं त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी पाचला गल्लीशी गेलो. धुकं होतं. दिगांबर नव्हता.

दोनदा हॉर्न दिला आणि निघालो.

खरं सांगतो, आता काय लपवायचं. त्या दिवशी मी चेन घरूनच, बायकोकडून लावून आलो होतो. म्हणजे ठरवूनच आलो होतो.

थोडा पुढे गेलो तर आरशात तो दिसला. गाडी ढकलत गल्लीतून बाहेर येत होता. जॅकेट उलटं घातलेलं, म्हणजे पाठ उघडीच.

"नऱ्या! थांब ना बे! चेन!"

मला ऐकू आलं. स्पष्ट ऐकू आलं.

मी गाडी वाढवली.

कुंदा वहिनी, त्याची बायको, त्या आठवड्यात माहेरी आर्वीला गेलती. घरात चेन लावायला दुसरं कोणी नव्हतं.

बाजारात पोचला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. वाटलं, आता शिव्या देतो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"च्या पाज," म्हणाला. बस, एवढंच.

पाच दिवसांनी ताप आला. मग न्यूमोनिया. मग वर्ध्याचा दवाखाना.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीपासूनच खराब होती. बिडी, वर्षानुवर्षांची थंडी. एका सकाळीत असं होत नाही.

मला पटतं. दिवसा पटतं. पहाटे पाचला पटत नाही.

वहिनी, तुम्ही हे वाचालच. त्या सकाळचं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. वर्षभर तुमच्या ओट्यावर बसून चहा पितो आणि सांगत नाही. त्यानंही सांगितलं नसेल, मी ओळखतो त्याला. तोंडानं बोलायची हिंमत झाली नाही म्हणून इथे लिहितो. संध्याकाळी येतो. जे बोलायचं ते बोला. दार लावून घेतलं तरी मी समजून घेईन.

आणखी एक सांगायचं राहिलं.

शेवटच्या रात्री दवाखान्यात त्याच्याजवळ मी होतो. सकाळी बाजाराला निघायचं म्हणून जॅकेट चढवलं. उलटं. सवयच ती. नर्सला चेन लावायला सांगणार होतो.

दिगांबर जागा होता. तोंडावर ऑक्सिजन. त्यानं बोट गोल फिरवलं.

म्हणजे, पलट.

"राहू दे ना बाप्पा, पडून राह्य," मी म्हणालो. त्यानं पुन्हा बोट फिरवलं.

मी पलंगाच्या कडेला बसलो, त्याच्याकडे पाठ करून. सलाइन लावलेल्या हातानं त्यानं चेन धरली. अर्ध्यापर्यंत आणली. थांबला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग मानेपर्यंत नेली.

मग दोन थापा.

"चुकलो" म्हणालो का मी? नाही. पाठ होती ना त्याच्याकडे. तोंड असतं तर कदाचित म्हणालो असतो.

दुपारी फोन आला.

या हिवाळ्यात बायको रोज विचारते, चेन लावून देऊ का. मी जॅकेट सरळच घालतो. वारं लागतं. लागू दे.

आज पहाटे तुझ्या गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद केली. हॉर्न दिला नाही. टॉर्च मारून पळस बघितला. एकही फूल नाही रे. थंडी आहे अजून.

उजाडेपर्यंत तिथेच होतो. लिलाव हुकला.

दिगांबर, थांबलो बे आज.

रामराम.