दोर वर, माय खाली

“तुहा दोर वर गेला म्हंजे तूच गेली की, सखू!” देवस्थानचा पंच म्हणाला. पायथ्याशी उभे असलेले बाकीचे हसले. माझी मायही हसली. तिचं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

देवीचं देऊळ टेकडीवर. शेवटच्या पायऱ्या अगदी उभ्या. नवरात्रात गर्दीला धरायला तिथं घायपाताचा दोर बांधायचे. तो वळायचा मान मांगवाड्याचा. म्हणजे मायचा. कुजवलेल्या घायपातानं तिच्या हातांची सालटं निघायची. दोरावर गोमूत्र शिंपडलं की तो शुद्ध. इतका स्वस्त उपाय, पण मायवर तो कुणी करून बघितला नाही. तिनं पहिल्या पायरीशी थांबायचं.

त्या वर्षी मी बारावी झाले. जालन्याला डी.एड.ला नंबर लागला. मायचा नवस होता, स्वतःच्या हातानं देवीची ओटी भरायची. पंचानं तिला थांबवलं आणि ओटी एका गड्याच्या हाती वर धाडली. खण, नारळ, तांदूळ.

मी गड्याच्या मागं चढले. अंगावर पंजाबी ड्रेस, कुणी ओळखलं नाही. मायच्याच दोराला धरून चढले. देवळामागं गड्यानं नारळ पिशवीत टाकला. बाकीचं दरीत.

खाली माय वाट बघत होती.

“घेतली का गं देवीनं?”

“घेतली.”

पुढच्या भादव्यात पंच आमच्या दारासमोर उभा. “सखू, औंदा दोर लांब लागंल. गर्दी लई वाढून राह्यली.”

मायनं पदर खोचला. माझ्यानं राहवलं नाही. पंचाच्या तोंडावर सगळं सांगितलं. “दोर मिळणार न्हाई,” मी म्हणाले.

माय त्याच्याकडं बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती. “मंग वर्षभर मला देवीच्या पाया कामून पडू देलंस?”



त्यानंतर तिनं दोर वळला नाही. देवीचं नावही घेतलं नाही. दोन वर्षांनी गेली. देवस्थाननं तिची ओटी हिरावून घेतली. देवी मी घेतली.

आता वर नायलॉनचा दोर आहे. दर्शन सर्वांना खुलं असल्याचा फलक आहे. मी शिक्षिका, म्हणून यंदा नवरात्रात माझा सत्कार. पत्रिकेत मी ‘गावची लेक’. पंचाचा मुलगा अध्यक्ष.

येते म्हणून कळवलंय. शाल घेणार नाही, माइक घेणार. ओटी कुणी अडवली, कुणी फेकली, नावं घेऊन सांगणार. आणि मी खोटं बोलले, तेही सांगणार. माइक बंद केला तर ओरडून सांगेन. वर्गात सत्तर पोरांपुढं बोलते, आवाज पुरेल.