भाकरीचा कागद

उस्ताद भाकरी कागदात बांधायचे आणि लगेच पुडी उलगडून दाखवायचे. "बगा, चिकटली काय? नाय ना?" रोज सकाळी तोच प्रयोग आणि तेच प्रेक्षक. कौतुक केल्याशिवाय पुडी हातात पडत नसे.

कुवेतमध्ये फरवानिया भागातल्या एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो. उस्ताद कणकवलीकडचे. राई नावाच्या कारखान्यांच्या भागात लेबलांचा छापखाना होता, तिथे ते मशीन चालवायचे आणि मी तिथेच ऑफिसात होतो. मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, सुपरवायझरपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना उस्तादच म्हणत. बिघडलेल्या रोलवरची लेबलं सोलली की खाली गुळगुळीत कागद उरतो. त्याला काही म्हणजे काही चिकटत नाही. तांदळाची गरम भाकरी त्यात बांधायची, हा शोध उस्तादांचा. त्याचा त्यांना इतका अभिमान, की बिल्डिंगभर ते कागद वाटत फिरायचे. तुम्ही तिथे असतात तर तुमच्याही गळ्यात एक रोल पडला असता.

दोन हजार पाचनंतर केव्हातरी आमच्या खजूरवाल्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. त्याचा माल युरोपात जायचा. तिथल्या नियमांप्रमाणे लेबलाच्या शाईतलं काही खाण्यात उतरता कामा नये आणि छापखान्याने तपासणी करून तसं लिहून द्यायला हवं. रोल गुंडाळला की शाईचा न दिसणारा अंश लेबलामागच्या कागदाला लागतो, असंही त्यात होतं. शाई बदलावी लागणार, म्हणून मी पत्र उस्तादांना मराठीत सांगितलं. मशीन पुसता पुसता ते थांबले.

"मागच्या कागदाक? म्हंजे आपल्या भाकरीच्या?"

"अहो, हे युरोपच्या मालासाठी आहे," मी हसत म्हणालो.

"त्यांची पोटां वेगळी आसत काय?"

मी पत्राची घडी घातली.

त्या संध्याकाळी ते दारोदार जाऊन कागद परत मागत होते. लोक हसले. उस्तादांना हसू येत नव्हतं. आमच्या खोलीतला एक सुतार आदल्या वर्षी पोटाच्या दुखण्याने गावी परत गेला होता. दुखणं कशाचं, ते कुणालाच माहीत नव्हतं. उस्तादांनी मात्र ते स्वतःच्या माथी घेतलं. "मी माज्या हातान दिलंय त्याका," एवढंच म्हणायचे. भाकऱ्या बंद झाल्या. आम्ही बेकरीतला खुबूस, म्हणजे तिथली रोटी, खाऊ लागलो.

नव्या शाईतल्या लेबलांचे तीन नमुने तपासणीला जायचे होते. मी पाकीट भरत असताना उस्तादांनी भाकरीच्या कागदाचा एक तुकडा माझ्यापुढे ठेवला. "ह्येचा पण बगूक सांगा. माका कळाक व्हया."

मी हो म्हणालो. ते गेल्यावर तुकडा केराच्या टोपलीत टाकला. मॅनेजरने तीनच नमुने मंजूर केले होते. चौथा कुठला म्हणून विचारलं असतं, तर उस्ताद कागद घरी नेतात हे बाहेर आलं असतं. त्यांच्यासाठीच केलं, असं मी मनाला समजावलं. खरं तर मी स्वतःच्या नोकरीला घाबरलो होतो.

महिन्याभराने अहवाल आला. तिन्ही नमुने पास. उस्ताद ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा अगदी उतरलेला.

"आपलो कागद?"

"पास," मी म्हणालो.

ते समोरच्या खुर्चीत मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत पुन्हा भाकऱ्या थापल्या गेल्या. मीही खाल्ली.

दोन वर्षांनी नोकरी संपवून ते कायमचे गावी निघाले. विमानतळावर पोचवायला मी गेलो होतो. सामानाचं वजन जास्त भरलं. उस्तादांनी दूध पावडरचे डबे बाहेर काढून माझ्या हातात दिले. बॅगेच्या तळाशी त्याच जुन्या कागदाचे दोन जाड रोल होते, त्यांना मात्र हात लावला नाही.

"सून नातवाच्या डब्याक वापरतली," ते म्हणाले. "तुमी खात्री केलात म्हणान नेतंय."

बॅग पट्ट्यावरून आत सरकली. उस्ताद पासपोर्ट सांभाळत रांगेकडे निघाले.

"उस्ताद!" मी हाक मारली.

ते वळले. मी डबे छातीशी धरून उभा होतो.

"सांभाळून जा," मी म्हणालो.