बुधवारी फळीवर आलेला डबा

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. लिहू की नको, असं महिनाभर चाललं होतं... पण मागच्या आठवड्यात माझ्या चुलतभावाने, पिंट्याने, गावच्या ग्रुपवर 'अल्माटी ते धाड — डबा एक्सप्रेस' असं टाकलं आणि त्यावर अर्धं गाव हसलं. म्हणून लिहितेय. रागात लिहितेय, हे आधीच सांगते.

मी असल्या गोष्टी मानणारी नाही. बी.एस्सी. झाले आहे, वनस्पतिशास्त्र घेऊन. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. गावात कुणाच्या अंगात यायला लागलं की मी उठून घरी यायचे आणि आत्याची बोलणी खायचे, "लई शायनी झाली वं तू." तरी मी उठून यायचेच. त्यामुळे हे माझ्याच वाट्याला यावं, याचा मला अजून राग येतो.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, धाडपासून सात किलोमीटर आत आहे. पल्लवी माझी पाचवीपासूनची मैत्रीण. तिचे वडील धाडला शिक्षक, मी त्यांना सरच म्हणते. पल्लवी कझाकस्तानात, अल्माटी शहरात डॉक्टरकी शिकते. या सुट्टीत घरी आली आणि पायरीवरून घसरली. उजवा हात प्लास्टरमध्ये, आणि परत जायची तारीख तोंडावर. सर आमच्या घरी आले. म्हणाले, "वैशाली, तुझा पासपोर्ट आहे ना? बारा दिवस हिच्यासोबत जाऊन ये. आपल्याला तिथे चौदा दिवस व्हिसा लागत नाही. तिकिटाचं मी बघतो." पासपोर्ट होता. बारावीनंतर आम्ही दोघींनी एकाच दिवशी काढला होता. तेव्हा मलाही डॉक्टर व्हायचं होतं... असो.

बाबांनी विचार करायला तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी म्हणाले, "जाय. पण जे होईन ते घरी येऊन खरं खरं सांगजो." मी संभाजीनगरला एम.एस्सी.चा अर्ज भरलेला होता. पोरगी एकटी लांब राहू शकते का, तिच्यावर भरवसा ठेवता येतो का, हे बाबा या प्रवासावरून ठरवणार होते. त्यांनी तसं सांगितलं नाही, पण मला कळत होतं.

आता डबा. स्टीलचा, गोल, कडीचा. माझ्या दत्तूमामाने आईला तिच्या लग्नात दिलेला. झाकणावर दुकानातल्या मशीनने ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय — 'सौ. कमल हिस, भाऊ दत्तूकडून.' 'कमल'मधला 'म' घालताना मशीन सरकलं, त्यामुळे तो तिरका झालाय. कडेला एक पोचा आहे, तो माझ्या हातून पडला तेव्हाचा. दत्तूमामा आता नाही. डबा वरच्या फळीवर असतो, दिवाळीशिवाय खाली येत नाही. तो आईने स्वतः खाली काढला, जवसाच्या चटणीने भरला आणि माझ्या हातात दिला. "भांडं माघारी आणजो. मामाचं हाय."

आमच्या आईचा आणखी एक नियम आहे. कुणाकडून आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, पण रिकामं नाही. हे लक्षात ठेवा.

अल्माटी मला फार आवडलं. दक्षिणेकडे प्रत्येक रस्त्याच्या टोकाला बर्फाचे डोंगर. तिथली माणसं पत्ता सांगताना डावं-उजवं म्हणत नाहीत, 'डोंगराकडे वर' आणि 'खाली' म्हणतात. रस्त्याच्या कडेने सिमेंटचे छोटे पाट, त्यात डोंगराचं पाणी खळखळत झाडांना जातं. मी पहिल्या दिवशी एका पाटापाशी उकिडवी बसूनच राहिले. पल्लवीची रूममेट निकिता पुण्याची. ती म्हणाली, "अगं उठ, लोक बघतायत. कधी पाणी बघितलं नाहीस का?" मी म्हटलं, "पाह्यलं. पण पाटाचं पाणी असं शहराच्या मधून जाऊन राह्यलं, हे नाही पाह्यलं." त्यावर ती हसत सुटली. माझ्या प्रत्येक वाक्यावर हसायची. घरी फोन लावला की म्हणायची, "हळू बोल ना, फोन नसता तरी बुलढाण्याला ऐकू गेलं असतं." वाईट मनाची नव्हती. पण बारा दिवस कुणी आपल्या बोलण्यावर हसलं की जरा लागतंच.

आठ दिवस आम्ही शहर पालथं घातलं. मोठा बाजार, मेट्रो, दोरीच्या पाळण्याने वर जायची टेकडी. नवव्या दिवशी, सोमवारी, आम्ही तिघी शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावी गेलो, सफरचंदाच्या बागा बघायला. बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरलो, चढ चढलो, आणि दुपारी पल्लवीला गरगरायला लागलं. एका निळ्या फाटकापाशी ती मटकन खाली बसली. फाटक उघडलं, एक म्हातारी बाहेर आली. डोक्याला रुमाल, अंगात लोकरीचं बिनबाह्यांचं जाकीट. तिकडे म्हाताऱ्या बाईला 'आपा' म्हणतात. आपाने काही न विचारता पल्लवीला अंगणातल्या बाजेसारख्या लाकडी ओट्यावर निजवलं, आम्हाला वाटीत चहा दिला, पाव दिला.

माझ्या पिशवीत डबा होता. मी तो उघडून तिच्यापुढे ठेवला. तिने पावावर चटणी घेतली, ठसकली, डोळ्यांत पाणी आलं, आणि हसून पुन्हा घेतली. उरलेली तिने आपल्या वाडग्यात काढून घेतली. निकिताने आमचा फोटो काढला. पल्लवी उठून बसली. खाली थांब्यावर बस आलेली दिसली, तशा आम्ही निघालो.

मी डबा घ्यायला हात पुढे केला, तर आपाने डबा आपल्या छातीशी धरला. मान हलवली. एका बोटाने 'थांब' अशी खूण केली आणि डबा घेऊन घरामागच्या बागेत गेली.

मला लगेच कळलं. रिकामा द्यायचा नव्हता तिला.

"वैशाली, चल!" निकिता ओरडली. "पुढची बस तासाने आहे. पल्लवीला परत चक्कर आली तर?"

"अवं पण डबा... मामाचा हाय तो."

"नवीन घे ना! स्टीलचा डबा आहे, सोन्याचा नाही!"

तिने माझा दंड धरून ओढलं. पल्लवीचा चेहरा पांढरा पडला होता. मी गेले. एका म्हाताऱ्या बाईने 'थांब' म्हटलं असताना निरोपही न घेता मी गेले.

मंगळवारी मी एकटी परत त्या गावी गेले. फाटकं सगळीच निळी. दोन तास फिरले, त्या घराची ओळख पटेना. भाषा येत नाही, विचारणार तरी काय? रडत परत आले. त्यावरून निकिताशी भांडण झालं, मोठं भांडण. पल्लवी मध्ये पडली. हे लिहून ठेवते, कारण पुढे कामी येणार आहे.

बुधवारी सकाळी घरून व्हिडिओ कॉल आला. आई नेहमी जेवले का, थंडी आहे का, असं विचारते. त्या दिवशी तिने पहिलाच प्रश्न विचारला, "वैशे, डबा हाय ना तुह्यापाशी?"

शेजारी बाबा बसलेले होते. मी घाबरले.

"हाव. बॅगेत हाय."

आईने मान वर करून फोनमागे कुठेतरी बघितलं. मग म्हणाली, "बरं," आणि फोन बाबांच्या हातात दिला.

हे एकच खोटं मी बोलले. या सगळ्या प्रकरणात एकच.

त्याच संध्याकाळी विमान. मग दिल्ली, भुसावळ, मलकापूर, बुलढाणा, धाड. शुक्रवारी दुपारी घरी पोचले. वाटेत ठरवलं होतं, आधी सगळ्यांसमोर खरं सांगायचं. सगळे ओसरीवर होते. बाबा, आत्या, पिंट्या. मी पाणीही न पिता सांगून टाकलं, "बाबा, डबा तिकडंच राह्यला. फोनवर म्या खोटं सांगलं."

पिंट्या म्हणाला, "कोणता डबा? तो काय फळीवर."

मी स्वयंपाकघरात गेले. वरच्या फळीवर, त्याच्या नेहमीच्या जागी, डबा होता. तिरका 'म'. पोचा. हात लावला तर जड लागला. उघडला. आत लिंबाएवढ्या लाल सफरचंदांची रास. एका देठाला दोन पानं, जरा मलूल झालेली.

मी काय काय बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं की बाबांनी बॅगेकडे बघितलं, फळीकडे बघितलं आणि म्हणाले, "फोनवर म्हणली बॅगेत हाय. आता म्हणते तिकडं राह्यला. अन् डबा त इथं हाय. यातलं खरं कोणतं?"

"माह्या बॅगेत नव्हता बाबा!"

"मंग काय चालत आला का?"

आत्याने लगेच तोंडाला पदर लावला. पिंट्या म्हणाला, "अबे, आत्ताच आत जाऊन ठेवला अशीन! आम्हाले येडं समजते का?" मी विचारलं, मी आत जायच्या आधी तूच म्हणालास ना, फळीवर आहे? — तर म्हणे, "मी त असंच म्हटलं. तो तिथंच असते नेहमी." पोरगा एवढ्या सहज पलटला! मी पल्लवीला फोन लावला, स्पीकरवर. भांडण तिच्यासमोर झालं होतं, तिनेच सोडवलं होतं. ती म्हणाली, "अगं, असेल बॅगेत. मला नीट आठवत नाही गं, चक्कर होती ना." निकिताने डबा तिकडेच राहिल्याचं सांगितलं, तर पिंट्या म्हणे, मैत्रीण ती, तुझंच बोलणार. तिने फोटोही पाठवला. मी, आपा, मध्ये डबा, झाकणावरचं नावही वाचता येतं. पण फोटोने काय सिद्ध होतं? डबा तिकडे गेला होता, एवढंच. तो परत कसा आला हे फोटोत नाही.

सफरचंदाचं म्हणाल, तर पिंट्याचं म्हणणं, जालन्याच्या बाजारातून घेतली असतील. मी जालन्यावरून आलेच नाही! कॉलेजच्या सरांना पानं नेऊन दाखवली. ते म्हणाले, पान सफरचंदाचंच आहे, पण असं बारीक फळ आपल्याकडे विकायला येताना मी पाहिलेलं नाही. हे घरी सांगितलं तर आत्या म्हणाली, "शिकल्या पोरीले सगळं सिद्ध करता येते." दुसरीकडे तीच आत्या आईच्या कानाला लागली होती — डबा नदीत सोड, पोरीवरून उतरून टाक. म्हणजे मी खोटारडीही आणि बाधा झालेलीही! दोन्ही एकदम कशी असेन? एक काहीतरी ठरवा ना.

आणि या सगळ्यात आई गप्प होती. कुणी विचारलं की भांडी घासत म्हणायची, "असंन. तिनंच आणला असंन." मला सगळ्यांत जास्त राग आईचा आला. बुधवारी तिने तो प्रश्न का विचारला, हे मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उठून गोठ्यात गेली.

पंधरा दिवसांनी संभाजीनगरची यादी लागली. माझं नाव होतं. होस्टेलच्या फॉर्मवर पालकांची सही हवी होती. बाबांनी फॉर्म वाचला, घडी घालून बाजूला ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाले, "हुशार हायेस, मले माहीत हाय. पण घरात नजरेसमोर खोटं बोलणारी पोरगी एकटी लांब कशी ठेवू?"

बोलून झालं होतं सगळं.

तेव्हा आई भाकरी थापता थापता उठली. पिठाचे हात तसेच.

"बुधवारी सकाळी म्या पाह्यला," ती म्हणाली. "चहाची पत्ती काढाले फळीवर हात घातला त डबा. पानं हिरवीगार होती तवा. म्हून तर फोन लावला पोरीले. ती तिकडंच होती, तुमी बी पाह्यलं फोनात. ती म्हणली बॅगेत हाय, अन् डबा माह्या पुढ्यात."

बाबा तिच्याकडे वळले. "मंग इतके दिवस काऊन बोलली नाही?"

"बोलून काय होते? लोकं म्हणतीन, पोरीले काही लागलं. कोण शिकू देईन, कोण सोयरीक करीन? खोटारडी म्हणले त म्हणू दे, ते लोक इसरतात. पण तुमी बी तेच म्हणाले लागले. आता नाही गप बसत."

बाबांनी फॉर्मची घडी उघडली. पेन मागितला.

मी हे होस्टेलच्या खोलीतून लिहितेय. कुणी भेटायला, व्हिडिओ करायला येऊ नका, पिंट्याने आधीच पुरेसं केलंय. 'आईच विसरली असेल', 'दोन डबे असतील' अशी उत्तरंही नकोत. सगळी तपासून झालीत. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. मला माहीत आहे ते इतकंच — ती बाई डबा भरून द्यायला बागेत गेली होती आणि मी थांबले नाही.

आईने आता तो डबा पुन्हा जवसाच्या चटणीने भरून फळीवर ठेवलाय. कुणी हात लावायचा नाही. चटणी जुनी झाली की काढते, ताजी भरते. मी म्हटलं, "आई, कशासाठी?"

"आता आपली पाळी हाय," ती म्हणाली. "तिले रिकामा दिसाले नको."