मंगलला न दिलेली हॅट

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. मंगलजवळसुद्धा नाही — आणि तिला तर सगळं ठाऊक आहे.

नांदेडला माझं कापडाचं दुकान आहे. पण लोक मला ओळखतात ते डोक्यावरून. जुन्या टोप्या जमवायचा नाद — निजामाच्या काळातल्या लाल, गोंड्याच्या रुमी टोप्या, जरीच्या टोप्या, कुण्या इंग्रज साहेबाची उन्हात घालायची सोला हॅट. नुसत्या कपाटात ठेवत नाही, घालतो. लग्नाकार्याला मी कोणती घालून येणार, यावर पाहुण्यांत पैजा लागायच्या. ऐकून मी फुगायचो. खोटं कशाला बोलू — अजूनही फुगतो.

सगळ्यांत देखणी एक तपकिरी फेल्ट हॅट. जुन्या बाजारात मिळाली तेव्हा पार चेंबलेली होती. मंगलनं, माझ्या बायकोनं, ती पातेल्याच्या वाफेवर धरली आणि दाबत दाबत काठ सरळ केला. बोटं पोळली तिची. मग माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाली, "आता कसे सिनेमातले दिसायलाव बघा!"

पुढं तिला कॅन्सर निघाला. औषधानं केस गेले, भुवयासुद्धा गेल्या. त्यातच अहमदपूरला तिच्या भावाच्या मुलीचं, वैष्णवीचं लग्न ठरलं. पोरीची आई लवकर गेली होती. मंगलनंच तिला लहानाची मोठी केली. डॉक्टर जा म्हणाले होते. साडी काढून ठेवली होती.

आदल्या दिवशी आरशापुढं ती स्कार्फ बांधून बघत होती. गुळगुळीत डोक्यावर तो काही टिकेना. मला म्हणाली, "अहो, हे लई सरकायलंय. ती तपकिरी हॅट द्या ना मला. हसले तर हसू द्या लोकांना."

मी म्हणालो, "ती लातूरला दुरुस्तीला दिलीय."

हॅट तिच्या पाठीमागच्या कपाटातच होती.

का बोललो असं? तिच्या डोक्याला मलम असायचं, हॅट खराब झाली असती — असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण मग दुसरी का नाही दिली? कपाट भरलं होतं टोप्यांनी! 'दुसरी देतो' एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग साडीची घडी उचलली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुम्हीच जाऊन या."

प्रश्न हॅटचा नव्हताच. मला तिला न्यायचंच नव्हतं. मांडवात शिरलो की लोक माझ्याकडे बघतात — त्या दिवशी तिच्याकडे बघितलं असतं, आणि मग माझ्याकडे, कीव करत. मला — कसं सांगू — मला माझ्या बायकोची लाज वाटली.

आणि मी काय केलं? तीच हॅट पिशवीत घालून नेली. अहमदपूरच्या स्टँडवर उतरलो आणि डोक्यावर चढवली. मांडवात वाहवा झाली. नवरीच्या वेशातली वैष्णवी सारखी दाराकडे बघत होती. "आत्या कुठंय, मामा?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "तीच न्हाई म्हणाली. लई समजावलं बघ मी."

संध्याकाळी घरी आलो तर मंगलच्या हातात मोबाईल. लग्नाचे फोटो तिच्यापर्यंत पोचले होते. माझ्या रिकाम्या डोक्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, "लातूरहून आली वाटतं हॅट." आणि मला पाणी आणून दिलं.

मंगल बरी झाली. केसही आले. वैष्णवी मात्र तिच्यापासून तुटली — सणावाराला फोन, तोही तुटक. मंगलनं कधी तिला खरं सांगितलं नाही. मी तर नाहीच.

यंदा दिवाळीला वैष्णवी नवऱ्याला घेऊन जेवायला आली. जेवता जेवता हात थांबवून म्हणाली, "आत्या, एक विचारू? माझ्या लग्नाला यावंसं वाटलंच न्हाई का गं तुला?"

वाढता वाढता मंगल थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — नुसतं पाहिलं, मला बोलता यावं एवढा वेळ. एक वाक्य तर बोलायचं होतं. मी ताटात बघत राहिलो.

"चुकलं बाई माझं," मंगल तिला म्हणाली.

मी वरण मागितलं.